टीएनएफ अडवलं तर कॅन्सर होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५६, बऱ्याच वर्षांचा रुमॅटॉइड संधिवात. मेथोट्रेक्सेट आणि सल्फासालाझिन पुरेशा डोसमध्ये घेऊनही सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, मनगटांची सूज उतरत नाही. डॉक्टरांनी अ‍ॅडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुचवलंय, दर पंधरा दिवसांनी पोटावर घ्यायचं. मुलाने माहितीपत्रक वाचलं, तर हे औषध 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' नावाचं सायटोकाइन अडवतं असं निघालं. गाठ मारणारी वस्तूच अडवायची? त्यात मावशी स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या. कोविडच्या काळात तर सायटोकाइनच्या वादळाने माणसं जातात असं ऐकलेलं. मग ही सायटोकाइन्स शरीराला हवीत की नकोत? आणि आईला रोज देतोय तो गुळवेलीचा काढा इंजेक्शनबरोबर चालेल का?

मी संधिवाताचा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न ओपीडीत इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. आधी सरळ उत्तर देतो: आईंच्या बाबतीत कॅन्सरच्या भीतीने इंजेक्शन टाळू नका. भ्यायचंच असेल तर टीबीला भ्या, आणि त्याची तपासणी आधी करून घ्या. काढा बंद करा. आता कारणं.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेली छोटी प्रथिनं. एका पेशीने सोडलं, शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला ते चिकटलं, की त्या पेशीच्या आत निरोप जातो आणि काही जनुकं चालू-बंद होतात. इंटरल्यूकिन (थोडक्यात आयएल), इंटरफेरॉन, टीएनएफ, केमोकाइन ही सगळी याच गोतावळ्यातली, एकूण शंभराच्या वर. ही काही फक्त संशोधकांच्या बाटलीतली चीज नाही. केमोथेरपीनंतर 'पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन' म्हणून देतात ते जी-सीएसएफ हे सायटोकाइनच. ते घेतल्यावर कंबरेची, मांडीची हाडं ठणकतात, कारण आतल्या मज्जेत पेशींची भराभर पैदास सुरू झालेली असते. डायलिसिसवरच्या रुग्णांना रक्त वाढवायला देतात ते एरिथ्रोपोएटिनही याच कुळातलं.

अडचण अशी की एकेका सायटोकाइनला एकच काम नेमून दिलेलं नसतं. समोरची पेशी कोणती, त्यावर तेच सायटोकाइन काय करेल ते ठरतं. एकच काम चार सायटोकाइन्स करतात, आणि एक सुटलं की ते पुढच्या तिघांना सोडवतं. म्हणून 'चांगलं की वाईट' असं विचारून हाती काही लागत नाही. किती, कुठे आणि किती काळ, एवढंच विचारायचं. टीएनएफइतकं चोख उदाहरण याला दुसरं नाही, आणि तुमचा प्रश्नही त्याच्याबद्दलच आहे.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ पासून एक विलक्षण प्रयोग चालवला होता. ऑपरेशन न होणाऱ्या सार्कोमाच्या (हाडं, स्नायू यांच्या कॅन्सरच्या) गाठींमध्ये ते जिवंत, आणि पुढे मारलेले, जिवाणू टोचत. रुग्णाला सणसणून ताप भरे, आणि काहींच्या गाठी खरोखर विरघळत. का, ते कुणाला कळत नव्हतं. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच लॉइड ओल्ड आणि एलिझाबेथ कार्सवेल यांच्या गटाने आधी बीसीजी आणि मग जिवाणूंचं विष दिलेल्या उंदरांच्या रक्तात एक पदार्थ शोधला. तो दुसऱ्या उंदराला टोचला की त्याच्या अंगावरची गाठ काळी पडून आतून सडायची. त्यावरूनच 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' हे नाव पडलं. दरम्यान अँथनी सेरामी आणि ब्रूस बॉयटलर वेगळ्याच वाटेने निघाले होते. जुनाट संसर्गात जनावरं खंगत जातात, त्यामागचा पदार्थ ते शोधत होते. तो सापडला, शुद्ध केला, आणि १९८५ मध्ये लक्षात आलं की गाठ सडवणारा आणि माणूस खंगवणारा पदार्थ एकच आहे.

मग टीएनएफ औषध म्हणून देऊन पाहिलं. नसेतून दिलं की गाठ वितळायच्या आधी रक्तदाब कोसळायचा. गाठ मारायला लागणारा डोस माणसाला झेपतच नाही. आज त्याला एकच खास जागा उरली आहे: हातापायाचा सार्कोमा, जिथे अवयव कापण्याची पाळी येते. तिथे त्या पायाचा रक्तप्रवाह उरलेल्या शरीरापासून तोडून पंपावर घेतात, त्या बंद वर्तुळात मेल्फालान हे केमोथेरपीचं औषध आणि टीएनएफ काही काळ फिरवतात, मग धुऊन काढून पाय पुन्हा जोडतात. युरोपात याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. गाठीला रसद पुरवणाऱ्या कोवळ्या रक्तवाहिन्या त्याने फुटतात. म्हणजे गाठ मारण्याची ताकद खरी, पण ती एकाच पायात कोंडलेल्या, एरवी जीवघेण्या ठरणाऱ्या डोसाची. आईंच्या मनगटात जे टीएनएफ झिरपतंय ते त्या मानाने अगदी थोडं आहे, पण वर्षानुवर्षं झिरपतंय. आणि थोडं-थोडं, सतत सुटणारं टीएनएफ कॅन्सरला मारत नाही, उलट हातभार लावतं. लंडनमध्ये फ्रान्सिस बाल्कविल यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की टीएनएफचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या त्वचेवर कर्करोगजन्य रसायन चोळलं तर त्यांना साध्या उंदरांपेक्षा कमी गाठी येतात. नावावर जायचं तर त्यांना जास्त यायला हव्या होत्या.

संधिवातात टीएनएफ अडवण्याची कल्पना मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांची. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी रुग्णांच्या सांध्यातलं अस्तर ताटलीत वाढवलं. त्यात अनेक सायटोकाइन्स होती. कोणी म्हणे, एक अडवून काय होणार, बाकीची आहेतच. त्यांनी फक्त टीएनएफ अडवलं, तर आयएल-१, आयएल-६ आणि बाकीचीही खाली आली. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना इंजेक्शन दिलं गेलं. भारतात हे औषध बरीच वर्षं मोजक्याच लोकांना परवडायचं. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडसने अ‍ॅडॅलिम्युमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, बाजारात आणलं, त्यानंतर किंमत माणसात आली.

कॅन्सरचं म्हणाल, तर रुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांना लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका इतरांपेक्षा जास्त असतोच, साधारण दुप्पट, आणि तोही प्रामुख्याने ज्यांचा दाह वर्षानुवर्षं पेटलेला राहिला त्यांना. ब्रिटन आणि स्वीडनमध्ये टीएनएफ-विरोधी औषधं घेणाऱ्या हजारो रुग्णांच्या नोंदवह्या वर्षानुवर्षं ठेवल्या आहेत. त्यात एकंदर कॅन्सर वाढलेला दिसत नाही. त्वचेच्या कॅन्सरबद्दल थोडी काळजी आहे, ती मुख्यतः गोऱ्या कातडीच्या लोकांत. क्रोन्स या आतड्याच्या आजारात अझाथायोप्रिनबरोबर ही औषधं घेणाऱ्या तरुण पुरुषांत यकृत-प्लीहेचा एक अतिदुर्मिळ लिम्फोमा आढळला आहे. त्यात आईंचं वय, लिंग, आजार काहीच बसत नाही. मावशींच्या कॅन्सरमुळे हे औषध वर्ज्य होत नाही. मॅमोग्राफी मात्र वेळच्या वेळी करा, ती एरवीही करायचीच होती.

तुलनेसाठी हेही सांगून ठेवतो. टीएनएफ-विरोधी इंजेक्शनाऐवजी 'गोळी देतो, टोचणं नको' असं कुणी म्हटलं तर ती बहुधा टोफासिटिनिब असेल. ती एक सायटोकाइन अडवत नाही. अनेक सायटोकाइन्सचे निरोप पेशीच्या आत ज्या जॅक एन्झाइमांमधून जातात, तीच दाबते. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा एखादा धोका असलेल्या रुग्णांवर ओरल सर्व्हिलन्स नावाची चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निकाल छापून आले, तेव्हा या गोळीवर हृदयविकार आणि कॅन्सर दोन्ही टीएनएफ-विरोधी औषधांपेक्षा जास्त निघाले, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा. तेव्हा ५६ व्या वर्षी, घरात कॅन्सरचा इतिहास असताना, मी स्वतः इंजेक्शनच आधी निवडेन.

आता टीबी. इथे मात्र टीएनएफ अडवण्याची किंमत खरोखर मोजावी लागू शकते. क्षयाचे जंतू शरीरात शिरले की बहुतेकांमध्ये ते मरत नाहीत, त्यांना कोंडवाड्यात टाकलं जातं. मॅक्रोफेज पेशी त्यांच्याभोवती गोलाकार जमतात, बाहेर टी-पेशींचं कडं बसतं. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. हे कडं टिकवून ठेवणारं मुख्य सायटोकाइन टीएनएफ. ते अडवलं की दावी सुटतात. २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाकडे आलेल्या नोंदींवरून ७० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली: इन्फ्लिक्सिमॅब हे दुसरं टीएनएफ-विरोधी औषध सुरू केल्यावर टीबी झालेले लोक, निम्म्यांना पहिल्या बारा आठवड्यांतच. त्यातल्या ४० जणांत टीबी फुप्फुसाबाहेर होता आणि १७ जणांत अंगभर पसरलेला. अमेरिकेत टीबी दुर्मिळ. आपल्याकडे प्रौढांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या शरीरात हे कोंडलेले जंतू असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून इंजेक्शनाच्या आधी छातीचा एक्स-रे, माँटू चाचणी आणि रक्ताची इग्रा चाचणी करतो. माँटू हातावर टोचून ४८ ते ७२ तासांनी फुगवटा मोजायचा असतो. नुसता लालसरपणा मोजत नाहीत. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट चालू असताना दोन्ही चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, त्यामुळे मी कागदापेक्षा इतिहासाला जास्त मानतो: घरात कुणाला टीबी होता का, लहानपणी गळ्याला गाठी आल्या होत्या का. सुप्त क्षय निघाला तर आधी प्रतिबंधक गोळ्या आणि त्या किमान महिनाभर झाल्यावर इंजेक्शन. रुग्ण या महिन्याला वैतागतात. मी थांबवतोच.

टीबीशी लढायला टीएनएफ एकटं नसतं. आयएल-१२ आणि इंटरफेरॉन-गॅमा ही जोडीही लागते. ज्या बाळांमध्ये जन्मतः या जोडीच्या एखाद्या ग्राहीत दोष असतो, त्यांना इतर संसर्गांचा फारसा त्रास नसतो, पण जन्मल्यावर टोचलेली बीसीजीची लससुद्धा अंगभर पसरते. १९९६ मध्ये अशा कुटुंबांचा अभ्यास झाला तेव्हा पहिल्यांदा नेमकं कळलं की माणसाला इंटरफेरॉन-गॅमा कशासाठी लागतं. बीसीजी काखेत फुटली आणि गाठी वाढत राहिल्या, तर बालरोगतज्ज्ञ उगीच घाबरत नाहीत.

गंमत म्हणजे हीच बीसीजी मूत्राशयाच्या कॅन्सरवर औषध आहे. १९७६ मध्ये अल्वारो मोरालेस यांनी ती नळीने थेट मूत्राशयात सोडली. आजही मूत्राशयाच्या आतल्या थरापुरत्या, पण उलटण्याचा धोका असलेल्या गाठींवर हाच पहिला उपचार आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यासाठीची वेगळी बीसीजी बनवते. ती सोडल्यावर काही तासांत लघवीत आयएल-२, टीएनएफ, इंटरफेरॉन मोजता येतात. कोलींचाच प्रयोग, फक्त एका पिशवीत कोंडलेला. ज्यांना बीसीजी पुरत नाही त्यांच्यासाठी आयएल-१५ च्या धर्तीवरचं एक प्रथिन तिच्यासोबत सोडायला अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये परवानगी दिली.

कोविडबद्दल विचारलंय, तर आयएल-६ बद्दल बोलू. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरात हा आकडा पाठ झाला होता. नातेवाईक लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, खाली एकच ओळ: 'आयएल-६ वाढलंय, टोसी मिळेल का?' टोसी म्हणजे टोसिलिझुमॅब, आयएल-६ चा ग्राही अडवणारं औषध. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या एका बाटलीसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. पण त्या आकड्याचा अर्थ फार थोड्यांनी नीट लावला. बऱ्याच लॅबमध्ये नॉर्मलची वरची मर्यादा एका मिलिलिटरला सात पिकोग्रॅमच्या आसपास असते. गंभीर कोविडच्या अभ्यासांची एकत्र सरासरी काढली तेव्हा ती ३७ च्या आत-बाहेर आली. साध्या जिवाणूंच्या सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग अंगभर भिनला की, ती हजाराच्या घरात जाते आणि खऱ्या सायटोकाइन वादळात तीन हजारांच्या वर. इतकंच काय, मॅरेथॉन धावून आलेल्या धडधाकट माणसाचं आयएल-६ शंभरपट वाढलेलं असू शकतं, कारण राबणारे स्नायू ते सोडतात, आणि तिथून सुटलेलं आयएल-६ दाह शमवणारी सायटोकाइन्स वाढवतं. तेव्हा एकटा आकडा बघून टोसिलिझुमॅब देणं म्हणजे अंधारात दगड मारणं होतं.

ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने ते दोन टप्प्यांत निवळलं. जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३ वर. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा शून्य, झाला तर तोटाच. पुढच्या वर्षी टोसिलिझुमॅब: ऑक्सिजन लागणाऱ्या आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेल्या रुग्णांत मृत्यू ३५ वरून ३१ टक्के. उपयोग झाला, पण तेव्हा घराघरात समजत होते तेवढा नाही. कारण पहिल्या आठवड्यात शरीराला दाह हवा असतो. विषाणूला थोपवणारं इंटरफेरॉन तेव्हाच कामाला येतं. जीवघेण्या कोविडच्या साधारण दहा टक्के रुग्णांत स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडं सापडली होती. या लोकांकडे सायटोकाइन जास्त नव्हतं, हवं ते वेळेवर मिळालं नव्हतं. आणि घरी बसून पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड खाल्लेल्या मधुमेहींनी दुसऱ्या लाटेत काय भोगलं ते म्युकरच्या वॉर्डांनी पाहिलंय. म्युकरवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनसाठीच्या रांगा विसरण्यासारख्या नाहीत.

टोसिलिझुमॅब खरं वादळ शमवतं हे कळलं ते कोविडच्या बरंच आधी, आणि तेही संधिवातामुळे. आयएल-६ वरचं मूलभूत काम ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांचं. त्यातून आलेलं औषध सांध्यांसाठी वापरात आलं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या रक्ताच्या कॅन्सरच्या मुलीला तिच्याच टी-पेशी जनुकीय बदल करून परत दिल्या गेल्या. ही कार-टी उपचारपद्धती. पेशी कॅन्सरवर तुटून पडल्या आणि मुलगी मरणाच्या दारात गेली. रक्तात आयएल-६ अफाट वाढलेलं निघालं. या उपचारामागचे संशोधक कार्ल जून यांना टोसिलिझुमॅब माहीत होतं, कारण त्यांच्या मुलीला लहान वयातला संधिवात होता. ते दिलं आणि काही तासांत ताप उतरला. अमेरिकेच्या औषध नियामकाने ३० ऑगस्ट २०१७ रोजी पहिल्या कार-टीला परवानगी दिली, तेव्हा तिच्या वादळावर टोसिलिझुमॅबलाही त्याच दिवशी दिली. पवईच्या आयआयटीत जन्मलेली आणि टाटा मेमोरियलमध्ये तपासलेली नेक्सकार-१९ ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. ती देणाऱ्या वॉर्डातही ताप किती, रक्तदाब किती, ऑक्सिजन किती यावर डोळा ठेवून वादळाची पायरी ठरवतात आणि टोसिलिझुमॅब हाताशी ठेवूनच पेशी सोडतात. वादळ दाबल्याने कॅन्सर मारण्याचं काम बहुधा थांबत नाही, कारण मारणारी असते टी-पेशी. आयएल-६ बव्हंशी सोडतात त्या भोवती जमलेल्या मॅक्रोफेज.

उलट कधी वादळ जाणूनबुजून उठवायचं असतं. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८४ मध्ये अंगात पसरलेल्या मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर आयएल-२ मोठ्या डोसमध्ये दिलं आणि पहिल्यांदा एका रुग्णाच्या गाठी पूर्ण गेल्या. १९९२ मध्ये किडनीच्या आणि १९९८ मध्ये त्वचेच्या या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. मोजक्याच रुग्णांना कायमचा गुण यायचा. किंमत अशी की रक्तवाहिन्या गळक्या होऊन पाणी फुप्फुसात उतरायचं आणि रुग्णाला आयसीयूसारखी देखरेख लागायची. उंदरांतून आयएल-२ चं जनुक काढलं तेव्हा अपेक्षा होती की त्यांची प्रतिकारशक्ती लुळी पडेल. झालं भलतंच: १९९३ मध्ये दिसलं की त्यांना आतड्याचा स्वयंप्रतिकार आजार होतो. कारण प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी आयएल-२ वरच जगतात. या पेशींवरच्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं. मोठा डोस हल्लेखोर पेशींना चेव आणतो, अगदी छोटा डोस आवर घालणाऱ्या पेशी वाढवतो, म्हणून ल्युपससारख्या स्वयंप्रतिकार आजारात त्याच आयएल-२ चे छोटे डोस तपासले गेले.

दाह आणि कॅन्सरचं नातं माणसात किती खरं, याचा सगळ्यात बोलका पुरावा हृदयरोगाच्या चाचणीतून आला. कँटोस या चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढं असलेल्या १०,०६१ जणांना आयएल-१ बीटा अडवणारं कॅनाकिनुमॅब किंवा नुसतं पाणी दिलं. २०१७ मध्ये निकाल आले तेव्हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा आकडा बघून सगळे चकित झाले: सर्वात मोठा डोस घेणाऱ्यांत तो दोन-तृतीयांशाने कमी होता. त्याच चाचणीत संसर्गाने होणारे मृत्यू मात्र वाढले, ते लोक सांगायला विसरतात. मग तेच औषध झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर तीन वेगवेगळ्या चाचण्यांत दिलं, आणि तिन्ही फसल्या. माझा अंदाज असा की दाह खत घालतो तो रुजवणीच्या काळात. गाठ एकदा उभी राहिली की तिला एका सायटोकाइनची गरज उरत नाही.

आपल्याकडे या रुजवणीचं रूप तोंडात दिसतं. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांच्या गालाचं आतलं अस्तर पांढरं, चिवट होत जातं, तोंडात दोन बोटंही मावत नाहीत. या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये टीजीएफ-बीटा हे सायटोकाइन धागेदार ऊतक साचवत राहतं आणि त्याच जागी पुढे कॅन्सर होऊ शकतो. निरोगी अस्तरात हेच टीजीएफ-बीटा पेशींची वाढ रोखतं. कॅन्सर झाल्यावर ते गाठीभोवती टी-पेशींना आत येऊ न देणारं कुंपण घालतं. ते अडवणारं एक दुहेरी औषध बनलं होतं. फुप्फुसाच्या कॅन्सरवरची त्याची मोठी चाचणी २०२१ च्या सुरुवातीला थांबवावी लागली. इंटरफेरॉन-गॅमाचंही तसंच: टी-पेशी ते सोडून गाठीवर हल्ला चढवतात, आणि त्याच्याच स्पर्शाने गाठीच्या पेशी पीडी-एल१ ची ढाल वर करतात. निवोलुमॅबसारखी औषधं ही ढाल निकामी करतात. टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये त्याचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, नेहमीच्या डोसाच्या दहाव्या भागाहूनही कमी, तीन स्वस्त गोळ्यांबरोबर दिला, तेव्हा वर्षभर जगणारे रुग्ण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. त्या तीन गोळ्यांपैकी दोन, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब, माझ्या ओपीडीत रोज लिहिल्या जातात.

आता काढा. आईंचा आजार प्रतिकारशक्ती कमी असल्याचा नाही, ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याचा आहे. ती 'वाढवणारी' कुठलीही वस्तू मी त्यांना देणार नाही, मग ती झाडाची असो वा डब्यातली. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. यकृतात स्वयंप्रतिकाराच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. वादात पडायची गरज नाही. मेथोट्रेक्सेट यकृतावर आधीच भार टाकतं, तेवढं कारण पुरे.

इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी टीबीच्या तपासण्यांबरोबर हिपॅटायटिस बी आणि सीच्या चाचण्याही करून घ्या. सुप्त हिपॅटायटिस बी अशा औषधाने उसळी घेतो. फ्लू, न्यूमोकोकस आणि नागिणीची नवी लस जिवंत नसते, ती आधी किंवा नंतरही चालते, आधी घेतलेली बरी. जिवंत लसी नंतर नकोत. इंजेक्शन फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, मधल्या फळीवर ठेवा, आणि टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, आग कमी होते. ताप आला, अँटिबायोटिक सुरू झालं, की त्या वेळचं इंजेक्शन पुढे ढकला आणि फोन करा. पंधरा दिवसांहून जास्त खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप, यापैकी काहीही असेल तर ते संधिवाताचं समजून घरी बसू नका. फायदा झाला की नाही हे तीन महिन्यांनी ठरवायचं, दोन इंजेक्शनांनंतर नाही.

आणि पुढे कधी अ‍ॅडॅलिम्युमॅब लागू पडलं नाही म्हणून टोसिलिझुमॅबवर जायची वेळ आली, तर एक गोष्ट फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सीआरपी यकृतात बनतं ते आयएल-६ च्या सांगण्यावरून. आयएल-६ चा ग्राही बंद केला की न्यूमोनिया झाला, आतडं फुटलं, तरी सीआरपी नॉर्मल येऊ शकतं आणि तापही जेमतेम येतो. रात्री अपरात्री जवळच्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सीआरपी बघून 'संसर्ग नाही' म्हटलं, तर त्यांना औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख दाखवा आणि एक्स-रे, गरज पडली तर सीटी काढायला सांगा.